आप्पांची टाच बरी झाली

आमचे आप्पा सकाळी उठून पहिली पावलं टाकायचे ते माझ्याच्यानं बघवायचं नाही. अंथरुणातून उठायचे, भिंतीला हात लावायचे आणि उजवा पाय नुसत्या चवड्यावर टेकवत न्हाणीपर्यंत जायचे. टाच जमिनीला लावायचेच नाहीत. दोन-चार फेऱ्या झाल्या की पाय जरा मोकळा व्हायचा. मग चहाला बसायचे आणि म्हणायचे, "बग, गेलं. काय झालेलं न्हाय." रोज सकाळी पाय धरायचा आणि रोज चहाच्या वेळी काय झालेलं नसायचं. मला राग लवकर येतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या 'काय झालेलं न्हाय'चा यायचा तेवढा राग दुसऱ्या कशाचाच यायचा नाही.

वडगावात आमचं घर विणकराचं. आमच्या गल्लीत पूर्वी घराघरांत हातमाग होता. जमिनीत खड्डा खणलेला, विणकर त्याच्या काठावर बसायचा, पाय खाली सोडून लाकडी पावड्या दाबायचा आणि हातानं धाग्याचा धोटा आडवा मारायचा. आता असा खड्ड्याचा माग उरला तो एकट्या आमच्या पुढच्या खोलीत. बाकी सगळीकडं पॉवरलूम. आमच्याही मागच्या शेडमध्ये माझ्या धाकट्या भावाचे दोन आहेत. त्यांचा खडखडाट दिवसभर चालतो, त्यामुळं आमच्या घरात साधं बोलणंसुद्धा भांडल्यासारखं ऐकू येतं.

मला निपाणीला दिली होती. नवरा गेला, सासरी काही वर्षं काढली, मग माहेरी येऊन राहिले. साड्यांना फॉल-पिको करून देते. माझं मशीन आप्पांच्या मागासमोरच. दिवसभर आम्ही बापलेक समोरासमोर, त्यांचे पाय पावड्यांवर आणि माझे मशीनच्या पायट्यावर. आई गेल्यापासून माझ्याबरोबर सगळ्यात जास्त वेळ कुणी घालवला असेल तर आप्पांनी. बोलणं मात्र फारसं नाही.

पाय दुखायला लागला तो लग्नसराईच्या कामात. जड काठाची साडी होती, दिवसच्या दिवस पावड्या दाबणं चाललेलं. टाचेच्या मागून वर पोटरीकडं जी जाड शीर जाते, ती सुजली. दोन बोटांत धरली की डाव्या पायाच्या शिरेपेक्षा कितीतरी जाड लागायची आणि दाबली की आप्पा ओठ आवळायचे. चवड्यानं पावडी दाबली की सगळा जोर तिथंच यायचा. आम्ही करायचं ते सगळं केलं. वीट तापवली, तिच्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकली. खानापूरकडचा एक चोळणारा आणला. त्यानं अंगठ्यानं ती शीर अशी रगडली की आप्पांना पुढं कित्येक दिवस पाऊल टाकता येईना. मग विश्रांती. मागावर अर्धी विणलेली साडी होती, तिच्यावर चादर टाकली. बसून राहिले की दुखणं जायचं, मागावर बसले की चार दिवसांत परत यायचं. असं दोन-तीनदा झालं.

शेवटी एक दिवस भाऊ पुढच्या खोलीत आला आणि मशीनजवळ उभा राहिला. आप्पा तिथंच होते, खड्ड्याच्या काठावर बसून पाय चोळत होते. पण तो माझ्याकडं बघून बोलला.

"आक्का, इचलकरंजीचा एकजण दोन माग देतोय. वापरलेले हाईत, पण चांगले. ठेवायला जागा ही एकच खोली हाय. ह्यो माग नुसता चादरीखाली पडलाय."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. दसऱ्यापतोर थांबतो. आप्पांचा पाय बरा झाला तर बसू देत मागावर, मी तोंड उघडणार न्हाय. न्हाय झाला तर खड्डा बुजवणार. आता तू मला काय बी म्हण."

मी पुष्कळ म्हटलं. ते इथं लिहीत नाही. पण खरं सांगायचं तर भाऊ वाईट नाही. दोन मागांवर त्याचं घर ओढाताणीनं चालतं, हे मला दिसत होतं. तो गेल्यावर आप्पा खड्ड्यात बघत म्हणाले, "खड्डा बुजला तर मी बसू कुठं गं?"

गल्लीतली त्यांच्या वयाची माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसायची. घरातून सकाळी बाहेर घातलेली, जेवणाला हाक मारली की परत येणारी. आप्पा त्या कट्ट्यावरून जाताना मान वळवायचे. मागावर होते तोवर ते घरातले कर्ते होते, भले त्या मागावर घर चालत नसो. सून चहा आधी त्यांना नेऊन द्यायची, कारण ते कामावर असायचे. मी ठरवलं, काय वाटेल ते होऊ दे, दसऱ्याला हा माणूस मागावर बसला पाहिजे.

टिळकवाडीत एक फिजिओथेरपीवाली मुलगी आहे, असं माझ्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. रिक्षा केली. रेल्वे गेट पडलेलं होतं, तिथं अडकलो. तेवढ्या वेळात आप्पांनी परत जाऊ या असं दोनदा म्हणून घेतलं. मुलगी कानडी, वयानं लहान, पण कामाची. आप्पांना तिनं पहिल्यापासून अज्जा म्हटलं, म्हणजे आजोबा. आमच्याशी मराठीत बोलायची आणि मध्येच अडली की कानडीत जायची. कानडी आम्हाला येतंच. तिनं शीर दाबून बघितली, एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. उजव्या पायावर आप्पांची टाच बोटभरसुद्धा उचलेना. घामानं तोंड भिजलं.

ती म्हणाली, "अज्जा, नुसतं बसून हे जाणार नाही. चोळून पण नाही. ह्या शिरेची ताकद गेलीय. तिला काम द्यायचं, मग ती ताकद धरते. पण निधान, निधान." म्हणजे सावकाश, सावकाश.

काम असं होतं. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा बाहेर अधांतरी. दोन्ही पायांनी वर उचलायचं. वर गेलं की चांगला पाय काढून घ्यायचा आणि सगळा भार दुखऱ्या पायावर घेत टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची. परत दोन्ही पायांनी वर. आधी गुडघा सरळ ठेवून, मग जरा वाकवून. रोज सकाळ-संध्याकाळ, ती सांगेल तेवढंच. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त धरलं तर कमी करायचं. पावडी सध्या बंद. तीन महिने तरी लागतील आणि दर सोमवारी येऊन दाखवायचं.

"दुखतंय त्योच पाय वापरायचा?" आप्पांनी विचारलं.

"हो, अज्जा."

परत येताना रिक्षात ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "जन्मभर पाय हालवतोय म्यां. तवा कुठली ताकद आली?" तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या पायरीवर उभे राहिले. आमचं दार गल्लीतच उघडतं. टाच खाली-वर करणारा म्हातारा बघून पाणी भरायला निघालेल्या बायका थांबल्या. समोरचा एकजण म्हणाला, "आप्पा, उडी मारणार काय? हात द्यायला येऊ का?" आप्पा आत आले आणि त्यांनी जागा बदलली. मागाच्या खड्ड्याची कड, आधाराला मागाचा खांब. टाचा खड्ड्यावर सोडायच्या. तिथं गल्लीतलं कुणी बघत नव्हतं.

दर सोमवारी आम्ही जायचो आणि दर सोमवारी पाय आधीपेक्षा वाईट असायचा. शीर गरम लागायची. ती मुलगी चक्रावून जायची.

"अज्जा, करताय ना बरोबर?"

"पुरा करतोय, बाई. एक बी बाकी ठेवत न्हाय."

आप्पा खोटं बोलणारे नव्हेत. हे तिलाही दिसत होतं. तिनं काम कमी केलं, पुढच्या सोमवारी आणखी कमी केलं. शीर सुजलेली ती सुजलेलीच. पाऊस लागला, आषाढ निघून चालला. एकदा मी बाहेरून आले तर भाऊ हातात टेप घेऊन पुढच्या खोलीची भिंत मोजत होता. मला बघून त्यानं टेप खिशात घातली. माझा जीव टांगणीला लागला होता आणि आप्पा मात्र शांत. सोमवार आला की कपडे घालून तयार.

मग एका रविवारी दुपारी मी फॉल लावलेल्या साड्या घेऊन बाजारात गेले होते. दुकान बंद होतं, तशीच परत आले. रविवार, त्यामुळं शेडमध्ये माग बंद. घर कधी नव्हे ते शांत. आणि पुढच्या खोलीतून करकर आवाज येत होता. मागाचा खांब करकरत होता. आत बघते तर आप्पा खांबाला दोन्ही हातांनी धरून खड्ड्याच्या कडेवर उभे, सदरा पाठीला चिकटलेला, टाच खाली सोडतायत, वर उचलतायत, खाली सोडतायत. हळू वगैरे काही नाही. तोंड काळवंडलेलं. मला बघूनही थांबले नाहीत.

"आप्पा, हे काय चाललंय?"

"हुतंय आता. थोडंच राहिलंय."

"कशाचं थोडं?"

"आठवड्याचं. उद्या जायचं न्हवं टिळकवाडीला?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. विणकराचा आठवडा कसा असतो हे ज्याच्या घरात माग असतो त्यालाच कळतं. सूत देणाऱ्या शेठकडं साडी नेऊन द्यायचा एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी पुरी साडी हातात दिली की झालं, आधी रोज किती विणली हे कुणी विचारत नाही. मग सुरुवातीचे दिवस असेच जातात. कुणाकडं बारसं असतं, कधी ताण्याचे उभे धागे तुटतात, कधी अंगात आळस असतो. आणि शेवटच्या दोन दिवसांत माणूस मान वर करत नाही, जेवणसुद्धा मागावर. आप्पा जन्मभर असंच जगलेले. मीसुद्धा फॉल तसेच लावते. त्या पोरीनं आठवड्याचं काम सांगितलं आणि सोमवारचा दिवस दिला. आप्पांनी तो माल पुरा करून द्यायचा दिवस धरला. सोमवार ते शनिवार पाय वर घेऊन बसायचे, रविवारी सगळा आठवडा काढायचे. सकाळ-संध्याकाळ मी स्वयंपाकघरात आणि रविवारी दुपारी नेहमी बाजारात असायची, त्यामुळं मला काही दिसलंच नाही.

"सगळं एका दिवसात करायचं असतं व्हय?" मी ओरडले. माग बंद होते तरी ओरडले. "तिनं रोज म्हटलं होतं की नाही?"

"मोजून पुरं केलं की. एक कमी असंल तर सांग."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की वाटलं तो खांबच उपटून टाकावा. आणि तेवढ्यात आप्पा कडेवर बसले. त्यांचा पाय खड्ड्यात लोंबकळत होता, पोटरी थडथड उडत होती, त्यांच्या दोन्ही हातांनी दाबूनही थांबेना. मला रडू आलं. रागाचंच होतं ते, पण रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सगळं त्या मुलीला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. कानडीत काहीतरी पुटपुटली, बहुतेक देवाचं नाव. मग स्टूल ओढून आप्पांच्या समोर बसली. काम दिलं की शीर थोडी थकते, मग पुढच्या दिवसात ती भरून येते आणि जरा जाड, जरा घट्ट होते, असं तिनं सांगितलं. एकाच दिवशी सगळं केलं तर ती नुसती फाटत जाते. बाकीचे दिवस रिकामे बसून ते भरत नाही.

"कालचं राहिलेलं आज करायचं नाही, अज्जा. उद्याचं पण आज नाही."

"मग राहिलेल्याचं काय करायचं?"

"सोडून द्यायचं."

अंगावर राहिलेलं काम सोडून द्यायचं, असं आप्पांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर संध्याकाळी म्हणाले, "सोडून द्यायचं म्हंती. येडीच हाय." पण मला एक उपाय सुचला होता. मी मशीनवरून उठले, खड्ड्याजवळ पाट टाकून बसले आणि शेठसारखं एक बोट हलवून म्हटलं, "आणा, आजचा माल आणा. आमच्याकडं आता रोजचा बाजार." आप्पा हसले. किती दिवसांनी हसले. खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "घ्या शेठ. पर काठ बगून घ्या, मागनं तक्रार नको."

ते दिवस चांगले गेले. मला आता वाटतं, त्या सगळ्या वर्षात तेवढेच चांगले गेले. सकाळी शेंगाची चटणी वाटायच्या आधी मी पाटावर बसायची, संध्याकाळी दिवा लावल्यावर बसायची. टाच खाली येताना मी "निधान" म्हणायची आणि आप्पा दात खाऊन तिला खाली यायला वेळ द्यायचे. थोडं चुकवलं की मी माल परत करायची. "हे विरळ विणलंय, परत काढा." श्रावणात त्या मुलीनं पाठीवर वजन घ्यायला सांगितलं. मागाला टांगायची लोखंडी वजनं पडून होती, ती एका जुन्या पिशवीत भरली आणि ती पिशवी आप्पांच्या पाठीला बांधली. कधी पाय धरायचा, कधी दोन दिवस माघार घ्यावी लागायची. तेव्हा आप्पा खचून जायचे, जेवायचे नाहीत, मला उगाच टाकून बोलायचे. मीही काही कमी नाही. पण दुसऱ्या दिवशी दोघंही आपापल्या जागेवर.

गणपतीत एका सकाळी मी भाकरी थापत होते. मागून पावलं वाजली. दोन्ही पावलं सारखी, टाच टेकून. आप्पा भिंतीला हात न लावता न्हाणीकडं गेले. त्यांनाही ते कळलं नव्हतं. मी तव्याकडं तोंड करून बसले. भाकरी करपली.

दसऱ्याच्या थोडं आधी ती मुलगी म्हणाली की आता पावडी दाबायला हरकत नाही. आधी थोडा वेळ, मग वाढवत न्या. आप्पांनी चादर काढली. धुळीनं साडीचा काठ मळला होता, पण ताणा शाबूत होता. भाऊ दारात येऊन उभा राहिला. आप्पांचे पाय खाली गेले, पावडी दबली, धोटा गेला. भाऊ म्हणाला, "बसा की आप्पा. शब्द दिलता मी. इचलकरंजीवाल्याला थांब म्हणून सांगितलंय." आणि तो शेडमध्ये निघून गेला. मला त्या वेळी त्याच्याबद्दल फार माया वाटली. खंडेनवमीला आप्पांनी मागाला झेंडू बांधले, खांबाला हळदकुंकू लावलं. मी माझ्या मशीनला लावलं. आम्ही जिंकलो होतो, असंच मला वाटत होतं.

साडी पुरी झाली तशी आप्पा नेसूचं धोतर बदलून तयार झाले. शहापुरात शेठचं दुकान. त्यांच्या घराण्याचं सूत आणि आमच्या घराण्याचं विणकाम, आप्पांच्या आप्पांपासून. एवढ्या महिन्यांत शेठकडून कुणी साडीची चौकशी करायला आलं नव्हतं. पाय दुखतोय हे कळल्यामुळं तगादा लावत नाहीत, असं आम्हाला वाटलं होतं. मीही बरोबर गेले. शेठ आता थकलेत. दुकानात मुलं बसतात, फळ्यांवर सुरतेच्या साड्या. शेठनी आप्पांना गादीवर बसवलं, चहा मागवला. साडी उलगडून काठावरनं तळहात फिरवला.

"हात तसाच हाय, आप्पा."

"पाय बी बरा झाला." आप्पांनी धोतर जरा वर घेऊन टाचसुद्धा दाखवली.

चहा झाला. आप्पा बसून राहिले. साडी दिली की पुढच्या साडीचं सूत घेऊनच उठायचं, अशी रीत. शेठ रस्त्याकडं बघत होते.

"सूत?" आप्पा म्हणाले.

"सूत न्हाय, आप्पा."

"कधी येऊ?"

शेठ रस्त्याकडं बघतच म्हणाले, "आता न्हाय. हातमागाचं आम्ही बंद केलं. कुणी घेत न्हाय, आप्पा. तुमचा पाय दुखत हुता तवाच सांगायचं हुतं. पर म्हटलं, दुखण्यातल्या माणसाला कशाला सांगा. बरं हुतील, मग बगू."

शेठच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता आणि त्यांनी तर चहा पाजला होता, साडी घेतली होती. भांडायला काही ठेवलंच नव्हतं. आप्पा उठले, हात जोडले आणि दुकानाची पायरी उतरले. घरापर्यंत चालतच आले. मी रिक्षा रिक्षा म्हणत होते, ऐकलं नाही. एवढ्या झपाझप चालत होते की मला मागं पळावं लागलं. त्यांची टाच माझ्या डोळ्यांसमोर वर-खाली होत होती. कुठं लंगडणं नाही, कुठं काही नाही.

आप्पांनी आणखी दोन-तीन दुकानं पालथी घातली. कुठं हसून नाही म्हणाले, कुठं न हसता. मग रिकाम्या मागासमोर बसून राहायला लागले. मी पाट टाकून म्हणायची, "आणा, आजचा माल." व्यायाम चालू ठेवायला त्या मुलीनं सांगितलं होतं. आप्पा उभे राहायचे, करायचे, पण तोंडातून शब्द नाही. एक दिवस मी पाट टाकायचं बंद केलं.

दिवाळी झाल्यावर भावाकडचा कामगार गाव सोडून गेला. भाऊ एकटा दोन्ही मागांमध्ये पळत होता, इकडं धागा तुटला की तिकडं धोट्यातली सुताची कांडी संपलेली. आप्पा दोन दिवस दारातून बघत होते. तिसऱ्या दिवशी आत गेले आणि म्हणाले, "सर बाजूला. ह्यो मी बगतो." पॉवरलूमवर बसायचं नसतं. सिमेंटच्या जमिनीवर दिवसभर उभं राहायचं आणि या मागाकडून त्या मागाकडं चालायचं. आप्पा जन्मभर त्या मागांना नावं ठेवत आले होते. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा अंगावर, भुवयांवर कापसाची भुकटी. जेवता जेवता भावाला म्हणाले, "गवंड्याला सांग रं. खड्डा बुजवून घे. त्यो इचलकरंजीवाला किती दिस थांबंल?"

भावानं ताटातून मान वर केली नाही. मी म्हटलं, "आप्पा, असू दे की खड्डा. कुणाला खातोय तो?"

"रिकामा खड्डा घरात बरा न्हवं," ते म्हणाले. "कुणी पडंल."

गवंडी आला, विटांचे तुकडे आणि माती टाकली, वर सिमेंट केलं. मागाचं लाकूड परसात नेऊन ठेवलं. नवे दोन माग त्या खोलीत आले, माझं मशीन स्वयंपाकघरात गेलं. आता आप्पा सकाळपासून तिथं उभे असतात, जिथं बसून ते पाय खाली सोडायचे. खडखडाटात त्यांना हाक ऐकू येत नाही. काही सांगायचं असेल तर जवळ जाऊन दंडाला हात लावावा लागतो.

मी रोज संध्याकाळी त्यांचा पाय बघायची. शीर दोन बोटांत धरून दाबायची. "दुखतंय?" "न्हाय गं." जोरात दाबायची. "आता?" "न्हाय." खरंच दुखत नव्हतं. त्यांच्या तोंडावरून मला कळतं. थोडासा जरी दुखला असता ना, तर मी त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं असतं. भावाशी भांडले असते, माणूस ठेव म्हणून त्याचं डोकं खाल्लं असतं. पण पाय ठणठणीत होता. ठणठणीत पायाच्या माणसाला कुठल्या तोंडानं म्हणणार, बसा म्हणून?

संक्रांतीनंतर त्या मुलीकडं शेवटचं दाखवायला गेलो. आप्पा नको म्हणत होते, मीच नेलं. तिनं शीर दाबली, खूश झाली. एकट्या उजव्या पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली. आप्पा वर गेले, खाली आले, वर गेले, खाली आले, सावकाश, तिनं शिकवलं होतं तसं. ती बस म्हणेपर्यंत थांबले नाहीत. तिनं टाळी वाजवली.

"अज्जा, आता माग सुरू?"

"व्हय."

"किती वेळ चालतो?"

"दिसभर. उभ्यानं."

"दिवसभर उभं? व्हेरी गुड, अज्जा. म्हणजे आता एकदम चांगला झाला. आता यायची गरज नाही."

मी तोंड उघडलं असतं तर तिच्यावरच ओरडले असते आणि तिनं बिचारीनं तिचं काम चोख केलं होतं. आप्पांनी चपला पायात सरकवल्या. दाराशी गेले आणि वळले.

"बाई, ह्यो पाय परत आधीसारखा करता येतो काय?"

"आधीसारखाच झाला की, अज्जा."

"तसं न्हवं. आधी दुखत हुता, तसा."

ती हसली. तिला वाटलं अज्जा थट्टा करतायत. हसत हसत तिनं बाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं. आप्पा दाराची चौकट धरून तसेच उभे होते, उत्तराची वाट बघत.